आठ घरांचं भजन

३ ऑगस्ट १९७४
संगीत विद्यालयाची पन्नाशी. स्मरणिकेत विद्यालयाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात. "बाई, तुमचं मराठी चांगलं." पहिलं वाक्य विद्यालयाच्या चिटणीसांनी आधीच सांगून ठेवलंय: सोलापुरात संगीतशिक्षणाचा पाया गुरुजींनी घातला. गुरुजी म्हणजे चिटणीसांचेच सख्खे काका. सगळं ठरलंच आहे तर मी कशाला? लिहीन तर शोधून लिहीन.

९ ऑगस्ट
जुनी हजेरीबुकं काढली. शी! वाळवी, झुरळं, उंदराच्या लेंड्या. दोनदा हात धुतले तरी वास जाईना. पहिल्या वर्षी 'शिक्षक' ह्याखाली दोन नावं. एक गुरुजींचं, दुसरं मल्लय्या. दुसऱ्या वर्षापासून मल्लय्या गायब.
चिटणीस म्हणाले, "तो होय? विणकर होता. सतरंज्या अंथरायचा."
सतरंज्या अंथरणाऱ्याला हजेरीबुकात शिक्षक कोण लिहितं, डोंबल?

१८ ऑगस्ट
पूर्व भागात विणकरांच्या चाळी पालथ्या घातल्या. मल्लय्या जाऊन बारा वर्षं झाली. बायको आहे, नरसम्मा. सत्तरीची, अजून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मी गुरुजींचं नाव काढलं तर हसली. "ते आमच्या चाळीत शिकले की, बाई. पेटी पहिल्यांदा हितंच धरली." वर्ग चालू लागला तशी गुरुजींनीच मल्लय्याला वाट दाखवली म्हणे. आयत्या बिळावर नागोबा!
मग तिनं ट्रंकेतून गठ्ठा काढला. चादरीचं डिझाइन काढतात तो चौकटीचा कागद. मागावरच्या माणसांना अक्षर येत नव्हतं, पण डिझाइन सगळ्यांना वाचता यायचं. म्हणून मल्लय्यानं भजनं त्यावर बसवली. आडवी घरं मात्रा, उभी घरं सूर. काळं केलेलं घर जितकं वर, तितका आवाज वर. आठ घरं झाली की आवर्तन पुरं. वरच्या पट्टीत धृपद, खालच्या पट्ट्यांत कडवी. मी तिथल्या तिथं पहिली ओळ गायले. अंगावर काटा आला. पंचवीस वर्षं पोरींकडून सारेगम घोकून घेते, निम्म्या पळून जातात. हितं अख्खी चाळ गात होती!
गठ्ठा दिला तिनं. "जपा हं, बाई. शब्द कुटं लिवलेले न्हाईत, हे एवढंच हाय."

२ सप्टेंबर
लेख दिला. पुरावा म्हणून सोबत गठ्ठा. चिटणीस जागेवर नव्हते, टेबलावर ठेवून आले.

१० सप्टें.
लेख परत. मल्लय्याचा परिच्छेद लाल शाईनं उभा-आडवा कापलेला. "संस्थेला शोभत नाही, बाई." बरं, गठ्ठा द्या परत. तर म्हणतात, "कसला गठ्ठा? हां, ते डिझाइनचे कागद! मला वाटलं, कुणा पालकानं पाठवले. कारखान्यात दिले पंचिंगला, मागाची भोकांची कार्डं पाडायला."
चिटणीसांचा चादरीचा कारखाना. कपाळ माझं!
"आणि कागद?"
"पंचिंग झाल्यावर कागद कोण ठेवतंय? गेले असतील रंगाच्या भट्टीत."
वर चहा विचारतो. तशीच उठून आले.

११ सप्टें.
चिटणीस तर चिटणीसच. पण वर एक चिठ्ठी लावायला मला काय धाड भरली होती? दुसऱ्याचा जन्मभराचा ऐवज टेबलावर टाकून आले, आणि म्हणे इतिहास लिहिणार. नरसम्माला अजून सांगितलेलं नाही. स्वतःचीच किळस येतेय.

१९ सप्टें.
कारखान्यात गेले. कागद जळले, खरंच. नमुन्याची एक चादर राहिलीय, वॉचमनच्या खाटेवर. पंचिंगवाला माझ्यावरच डाफरला. "लई बेकार डिझाइन, बाई. कुटं रिपीटच न्हाय! मग वरची पट्टी धरली आन् तीच रिपीट केली." त्याचं काय चुकलं? डिझाइन म्हटलं की रिपीट हवंच. चादर मागितली. "न्या की, रिजेक्ट माल हाय."

२२ सप्टें.
सांगितलं एकदाचं. नरसम्मा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चादर जमिनीवर पसरली, काळ्या घरांवरून बोट फिरवत गायली. आवाज फाटलेला, सूर पक्का. ओळ संपली, बोट खाली सरकलं. तीच ओळ. आणखी खाली. तीच. कडेपर्यंत गेली.
"हे समदं धृपदच हाय, बाई."
मी म्हटलं, कडवी तुम्ही म्हणा, मी उतरून घेते.
"कडवी ते म्हणायचे. मी बायकांत बसून झील धरायची. धृपद तेवढं येतं."
चादरीची घडी घालायला लागले, तर तिनं हात धरला. "राहू द्या हितंच."

२८ सप्टें.
स्मरणिकेचं प्रूफ आलं. 'पाया गुरुजींनी घातला', खाली माझं नाव, ठळक. असं वाटलं, कुणीतरी उष्ट्या ताटात जेवायला बसवलं. सोमवारी सही करून छापखान्यात द्यायचंय.
दुपारी नरसम्मा विद्यालयाच्या फाटकात, चादर खांद्यावर. पूर्व भागातून चालत आलेली. "बाई, मंद्रूपला इरप्पा हाय. ह्यांच्याबरोबर झांज वाजवायचा. त्याला कडवी येत असतील. ऐकू येत न्हाय त्याला आता, पण चादर दावली तर वळखंल."
तेवढ्यात चिटणीस आले. चादर दिसली. "वा आजी, आमचाच माल! आवडली का?"
"व्हय. तुमच्या काकांनी पयलं हेच म्हटलं होतं. ईस दिवस लागले त्यांना बसवायला."
चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही.
उद्या रविवार, आठच्या गाडीनं मंद्रूप. नरसम्मा येतेय. चौकटीचे चार कोरे कागद घेतलेत. प्रूफ टेबलावर तसंच आहे. सही केलेली नाही.