फुटलेल्या बरणीला फोडण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला,
बंद लिफ्टच्या शेजारची खोली.

अर्जदार : बसथांब्यासमोरील केशकर्तनालयाचा चालक. (आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या, शिवणकाम करणाऱ्या महिलेचा पती.)

विषय : आधीच फुटलेली काचेची बरणी, एक नग, फोडण्यास मागील तारखेने परवानगी मिळणेबाबत, जेणेकरून तीतून निघालेल्या गाठीचा अहवाल अधिकृत ठरेल व अर्जदाराच्या बायकोचे औषध सुरू होईल.

संदर्भ : १) बरणी फोडू देण्याबाबत अर्जदाराचा पहिला अर्ज.
२) पहिल्या अर्जाची आठवण करून देणारा दुसरा अर्ज.
३) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्याची सुरुवात 'बरणी फुटल्याचे समजते' अशी आहे.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याच्या बायकोच्या स्तनातील गाठ आपल्या रुग्णालयात काढण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सर्जन साहेबांचा हात हलका आहे. अर्जदार धंद्याने न्हावी असल्यामुळे हलका हात कशाला म्हणतात हे त्याला कळते. त्याबाबत काडीचीही तक्रार नाही. तक्रार गाठ बाहेर आल्यानंतर सुरू होते.

२. काढलेली गाठ तळमजल्यावरच्या ऊती तपासणी विभागात पाठवायची असते. त्यासाठी रुंद तोंडाचे डबे असतात. ते त्या दिवशी संपले होते. संपले होते म्हणजे भांडारात भरपूर होते, पण भांडाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असते ते भांडारपाल, ज्यांना सारे रुग्णालय कुलूपकाका म्हणते, जेवायला गेले होते. तेव्हा शस्त्रक्रियागृहात कोणीतरी हाताशी सापडलेली अरुंद तोंडाची बरणी घेतली. गाठ ताजी आणि मऊ होती, ती अंगठ्याने दाबून आत सरकवली आणि वरून फॉर्मालिन ओतले. फॉर्मालिनचा गुण असा की, त्यात मांस कुजत नाही, पण उकडलेल्या अंड्यासारखे घट्ट होते. दुसऱ्या दिवशी पाहतात तो गाठ गेली त्या वाटेने परत यायला तयार नाही.

३. तपासणी विभागाच्या डॉक्टर मॅडमनी चिमट्याने प्रयत्न केले. बरणी उलटी धरली, तिरकी धरली. आतल्या आत तुकडे करून काढा, असे कोणीतरी सुचवले, तेव्हा मॅडम अशा उसळल्या की सुचवणारा पुन्हा त्या खोलीत दिसला नाही. अर्जदाराची अशी समजूत होती की, तपासणी म्हणजे गाठ चांगली की वाईट एवढे सांगून मोकळे होणे. मॅडमनी ती दूर केली. गाठ नीट कापून, मेणात बसवून, तिच्या केसाहूनही पातळ चकत्या काढतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. (केसाहून पातळ हे ऐकून अर्जदाराने वस्तऱ्याची चौकशी केली. त्याने जन्मात असे पाते पाहिलेले नाही.) त्या चकतीवरून आजार कोणता हे तर कळतेच, शिवाय तो रांगणारा आहे की धावणारा, कडेपर्यंत पोचला आहे की आतच आवरला आहे, कोणत्या औषधाचे ऐकेल आणि कोणत्याला भीक घालणार नाही, आणि एकंदरीत पुढचे दिवस कसे जातील, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. आत चुरा करून गाठ काढली, तर कड कुठली आणि मधला भाग कुठला हेच समजणार नाही. आणि ती फार काळ फॉर्मालिनमध्ये पडून राहिली, तर औषध ठरवणाऱ्या खुणा पुसट होत जातात. म्हणून जे करायचे ते लवकर करा, असे मॅडमचे म्हणणे होते.

४. मग बरणी फोडा की, असे अर्जदार भाबडेपणाने म्हणाला. मॅडमनी बरणीचे बूड दाखवले. त्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिलेला होता. म्हणजे बरणी ही बरणी नसून रुग्णालयाच्या कायम साठ्यातली मालमत्ता होती. मालमत्ता फोडायची तर आधी तिचे निर्लेखन झाले पाहिजे, म्हणजे ती निकामी ठरवून साठ्याच्या वहीतून खोडली पाहिजे, निर्लेखनाला समिती बसली पाहिजे, आणि समिती बसायला कुलूपकाकांनी कागद पुढे सरकवला पाहिजे. अर्जदार त्याच पावली कुलूपकाकांकडे गेला.

५. कुलूपकाका माणूस वाईट नाहीत. त्यांनी अर्जदाराला बसायला स्टूल दिले आणि नमुन्याचा कागद समोर ठेवला. त्यात एक रकाना होता: वस्तूमध्ये सध्या काय आहे? अर्जदाराने लिहिले, गाठ. काका म्हणाले, कसली गाठ ते स्पष्ट लिहा, नुसत्या गाठीवर समिती विचार करत नाही. अर्जदार म्हणाला, कसली ते कळावे म्हणूनच तर फोडायची आहे. काका म्हणाले, मग कळल्यावर अर्ज करा, घाई कशाला? अर्जदाराने त्यांच्याकडे पाहिले. ते थट्टा करत नव्हते. शेवटी रकान्यात 'अद्याप अज्ञात' असे लिहून अर्ज दाखल केला, तोच संदर्भ क्रमांक एक. पुढे काहीच हालचाल दिसेना म्हणून आठवण करून दिली, तो संदर्भ क्रमांक दोन.

६. समिती बसली. समितीने बरणीची समक्ष पाहणी केली, तिला बोटाने टिचक्या मारून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला की, बरणी सुस्थितीत असून तीस तडा नाही, झाकण घट्ट बसते, आणि आतील वस्तू उत्तम टिकून आहे. सबब बरणी उपयोगी असल्याने निर्लेखनास पात्र नाही. अर्जदाराने विनंती केली की, बरणी चांगली आहे यावर त्याचाही आक्षेप नाही, आक्षेप आतल्या वस्तूला बाहेर येता येत नाही एवढाच आहे. त्यावर समितीतील एका सदस्यांनी विचारले की, बाहेर काढल्यावर गाठ खराब झाली तर जबाबदार कोण? साहेब, ती गाठ खराब आहे की नाही एवढेच तर आम्हाला जाणून घ्यायचे होते. पण हे बोलेपर्यंत समितीचा चहा आला.

७. या काळात घरी काय चालले होते तेही नमूद करणे आवश्यक आहे. औषधोपचाराचे डॉक्टर म्हणत होते की, अहवालाशिवाय औषध देणे म्हणजे अंदाजाने गोळी झाडणे, ते काही मी करायचा नाही. बरोबरच आहे. दुकानात गिऱ्हाइके मान वस्तऱ्याखाली असतानासुद्धा सल्ले देत होती. एकाने तर बरणी गरम पाण्यात ठेवा म्हणून सांगितले, त्याचे कल्ले त्या दिवशी वरखाली झाले. बायको मात्र मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवत होती. ती एवढेच म्हणाली की, अहो, मी अजून धडधाकट घरात बसलेय आणि माझी गाठ माझ्याआधी सरकारजमा झाली बघा. अर्जदार हसला. ती पण हसली. मग मशीनवर कापड तसेच ठेवून ती आत गेली, आणि बराच वेळ नळ सुरू असल्याचा आवाज येत राहिला. अर्जदाराला तेव्हा भीती वाटली. आजही वाटते. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, पण लिहायला दुसरी जागा नाही.

८. आता प्रत्यक्ष घटनेबाबत. बायकोला टाके काढण्यासाठी बोलावले होते. टाके निघाल्यावर ती म्हणाली, आलोच आहोत तर तिला भेटून जाऊ. तिला म्हणजे गाठीला. तळमजल्यावर मॅडमनी बरणी कपाटातून काढून दिली. बायकोने ती दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केली. जवळजवळ माहेरचे माणूस भेटल्यासारखी तिने विचारपूस केली. आणि मग बरणी तिच्या हातातून निसटली. साहेब, या बाईच्या हातून इतक्या वर्षांत सुई खाली पडलेली अर्जदाराने पाहिलेली नाही. पण निसटली हे खरे. नेमका त्याच वेळी मॅडमनी टेबलावर स्टीलचा खोल ट्रे मांडला होता आणि हातमोजेही घातले होते. तो निव्वळ योगायोग होता, असे मॅडमचे लेखी म्हणणे आहे आणि अर्जदार त्याला दुजोरा देतो. बरणी ट्रेमध्ये फुटली. गाठीला खरचटलेदेखील नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आले. ते फॉर्मालिनच्या वासाने आले, अशी पंचनाम्यात नोंद आहे. तीही खरी धरावी.

९. पुढे मॅडमनी वेळ न दवडता तपासणी केली, चकत्या काढल्या, रंगवल्या, बघितल्या. अहवाल टाइप झाला, सही झाली. आणि तेवढ्यात आपल्या कार्यालयाचे पत्र आले: बरणी फुटल्याचे समजते, सदर बरणी विनापरवाना फुटलेली असल्याने तीतून प्राप्त गाठ ही रीतसर प्राप्त झालेली नाही, सबब तिच्यावर आधारित अहवाल चौकशी पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवण्यात यावा. अहवाल सध्या कुलूपकाकांच्या कपाटात आहे. शेजारच्या कप्प्यात बरणीच्या काचा आहेत, त्या मोजून ठेवल्या आहेत, आणि त्यात एक काच कमी भरते म्हणून चौकशी पुढे जात नाही, असे समजते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी गाठ बरणीत अडकली होती, आता अहवाल कपाटात अडकला आहे, आणि बायको पहिल्या दिवशी होती तिथेच आहे.

१०. मॅडमना अहवाल देता येत नाही. पण बायकोने त्यांचा हात धरून विचारले, तेव्हा त्यांनी दाराकडे बघत तोंडी एवढे सांगितले की, गाठ वाईट जातीची आहे, खोटे कशाला बोलू. पण कडा मोकळ्या आहेत, आणि ती औषधाचे ऐकणारी आहे, औषध वेळेवर पोचले तर. बायको घरी आली. दारात चप्पल काढताना म्हणाली, चला, या घरात एक तरी ऐकणारी निघाली. तेव्हापासून ती औषधाला जायची पिशवी भरून दाराशी ठेवून बसली आहे. अर्जदार दुकानात जाताना रोज त्या पिशवीला वळसा घालून जातो.

११. सबब अर्जदाराची नम्र प्रार्थना अशी की :

(अ) सदर बरणी फोडण्यास, ती फुटण्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून परवानगी द्यावी. हे वरातीमागून घोडे आहे, याची अर्जदारास जाणीव आहे, पण घोडे आले तर निदान वरात पुढे सरकेल.

(ब) बरणी कोणी फोडली या रकान्यात अर्जदाराचे नाव लिहावे. त्याचा हात तिच्या जवळच होता. बायकोला पुढे कितीतरी दिवस औषधासाठी याच इमारतीत यायचे आहे. तिला पाहून कोणी डोळे वटारू नयेत. मॅडमचेही नाव घेऊ नये, त्यांच्या कपाटात अजून इतरांच्या गाठी आहेत.

(क) कमी भरणारी काच शोधू नये. ती ट्रेबाहेर उडून अर्जदाराच्या तळपायात घुसली होती. काढून या अर्जासोबत जोडली आहे. ती धुतलेली आहे.

(ड) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास, बरणी पूर्ववत सांधून मिळावी, गाठ होती तशी अखंड करून तीत परत घालून मिळावी, आणि ती अर्जदाराच्या बायकोच्या अंगात मूळ जागी बसवून मिळावी, म्हणजे अर्जदार पहिल्यापासून सर्व काही नियमाप्रमाणे करील. तोपर्यंत आजाराला थांबण्याबाबत आपल्या कार्यालयाचे पत्र जावे. अर्जदाराचे त्याने ऐकले नाही, आपले कदाचित ऐकेल.

कळावे.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
बसथांब्यासमोरील न्हावी

दिनांक : आजचा. मागची चालत असेल तर कार्यालयानेच टाकून घ्यावी.

सोबत जोडले आहे :
१. पहिल्या व दुसऱ्या अर्जाची प्रत.
२. आपल्या पत्राची प्रत.
३. काचेचा तुकडा, एक, कागदात गुंडाळून.
४. रुंद तोंडाची बरणी, एक नग, झाकणासह. अर्जदाराच्या बायकोने स्वतः दुकानात जाऊन, आत हात घालून बघून निवडली आहे. हिच्या बुडावर कृपया क्रमांक टाकू नये, आणि ती भांडारात न ठेवता शस्त्रक्रियागृहात हाताशी ठेवावी. उद्या ज्या बाईची गाठ निघणार आहे, ती आत्ता खाली बाकावर बसली आहे.