फिकट रंगाची काउंटी

प्रिय दुलियाताई,

फोनवर तू परत तेच म्हणालीस, मी तोंड लपवून पळालो म्हणून. कुणापासून पळालो गं? इथे अमेरिकेतच याकिमा सोडून लिंकन काउंटीला आलो, एवढंच. सफरचंदांच्या पेट्या उचलून खांदे कामातून गेले होते, आणि इथे गव्हाच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचे पैसे जास्त. शिवाय याकिमात श्वास घ्यायची सोय नाही. आपलं अर्धं गाव तिथेच येऊन बसलंय. मी तिथे बिअर उघडली की आवाज तिकडे मेक्सिकोत, ओआहाकात आईला ऐकू जायचा. सेवेरोकाका तर भर रस्त्यात अडवायचा, "काय नाबोर, लग्न कधी? की सफरचंदाशीच लावून देऊ?"

इथे कुणी काही विचारत नाही. दवाखान्यात भिंतीवर राज्याचा नकाशा आहे. आपली माणसं जास्त त्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, रंग गडद. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण रंग कळतात. याकिमा आईच्या मोलेच्या रश्श्यासारखी काळसर, आणि ही आमची काउंटी पाण्यात चिमूटभर पीठ टाकल्यासारखी. नर्सबाईंना म्हटलं, आता मी आलोय, जरा रंग चढवा. त्या हसल्या नाहीत. माझं इंग्रजीच तसलं.

पण रंग बदलला की माणूस गावाच्या हिशेबातूनच जातो, हे मला कुठे ठाऊक होतं? याकिमात सगळे काकाकडे गावाची वर्गणी द्यायचे आणि काका गावाला कळवायचा, हा आपल्यातला आहे, ह्याला गावाच्या फुकट सेवेला बोलावू नका. निघताना मी त्याला सांगितलंसुद्धा नाही. त्यानं कळवून टाकलं, नाबोर आमच्यात नाही. लगेच ग्रामसभेनं कोतवालीला माझं नाव काढलं. वर्षभर बिनपगारी, आणि नाही आलो तर आपल्या घराचं पाणी तोडणार. गेल्या रविवारी काकाच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणाला, "पुढच्या वर्षी धरतो तुला आमच्या यादीत. ह्या वर्षीचं तुझं तू निस्तर."

बदली माणूस लावा, पैसे मी देतो, असं मी म्हटलं होतं. त्यावर बाबा म्हणाले, "विकतचा पोरगा नको मला." इथपर्यंत तू सांगितलंस. पुढचं लपवलंस. चुलतभावाच्या फोटोत दिसलं मला. पंचायतीच्या दारात माझ्या जागी कोतवालाची काठी धरून बाबाच उभे. छाती पुढे काढून, जसे काही कुणाच्या लग्नाला आलेत. पायात त्याच चामडी पट्ट्यांच्या चपला, अर्ध्या तुटलेल्या. गुडघा सुजलाय ते पँटवरूनही कळतं.

ताई, मी येणार नाही. आलो तर कागदांशिवाय परत इकडे येता येणार नाही. मागच्या वेळी सीमेवरच्या वाळवंटातून कसा आलो ते तुला माहीत आहे, आईला न सांगितलेलंसुद्धा. आणि मी तिकडे बसलो तर तुमची चूल कशावर पेटणार? तेव्हा वर्ष संपेपर्यंत काठी बाबांच्याच हातात राहील. हे त्यांना लिहायला माझा हात चालत नाही, तूच सांग. ते झोपले की कागदावर त्यांच्या पावलाची रेघ काढून घे, आणि बाजारातून जाड तळाचे बूट आण. माझ्याकडून म्हणू नकोस, घालणार नाहीत.

तुझाच,
नाबोर

बुटांचे ऐंशी डॉलर पाठवलेत.