पुष्करराव विरुद्ध वेशीवरचा राखणदार

२६ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे वाद झाला तर पुरावा असावा. जुईलीशी करार झाला आहे. तिला बारावीनंतर पुण्याला जाऊन व्हिडिओ गेम तयार करायचा कोर्स करायचाय. घरात बापाची चालती वकिली असताना ही खेळणी बनवणार. ती म्हणाली, बाबा, तुमी एकदा खेळून तर पाहा. ठरलं ते असं: ती अकोल्याला आत्याकडे जाऊन परत येईपर्यंत मी तिच्या आवडत्या गेममधल्या पहिल्या वेशीवरचा राखणदार पाडायचा. पाडला तर ती निमूट लॉला जाणार. नाही पाडला तर पुण्याला. पोरीनं लगेच हो म्हटलं. मला वाईटच वाटलं तिच्याबद्दल. उद्या नाश्त्याआधी उरकून टाकतो.

२७ मे
नाश्त्याआधी उरकलं नाही. राखणदार दोन मजली आहे आणि हातात मुसळ. कोणतं बटण कशाचं ते बघत होतो, तेवढ्यात त्यानं मुसळ घातलं. पडलो. पडद्यावर प्रश्न आला: तुम्हाला पराभव मान्य आहे काय? अर्थात 'नाही' दाबलं. पुन्हा उभा. पुन्हा मुसळ. पुन्हा 'नाही'. विरुद्ध पक्षाचं काहीही मान्य करायचं नाही, हे वकिलीत पहिल्याच दिवशी शिकलो. एकदा तर भरात आमच्याच अशिलाचं गाव अकोट असल्याचं नाकारलं होतं.
दुपारी राजापेठेत जाऊन जुईलीसाठी काळा कोट घेतला.

२९ मे
तक्रारी. एक, खेळ मध्येच थांबवता येत नाही. तारीख मागायची सोयच ठेवलेली नाही. फोन उचलला तर राखणदारानं माझं म्हणणं न ऐकता निकाल देऊन टाकला. दोन, कंट्रोलरचं बटण सैल आहे. बायकोला, सिंधूला, दाखवलं. ती म्हणाली, बटणाले काही झालं नाही, मुसळ दिसलं का तुमीच डोळे मिटून घेऊन राहिले. डोळे मी मिटत नाही. कूलरचं वारं लागतं. उद्यापासून कूलर बंद.

३० मे
कूलर बंद केला. सिंधूनं चालू केला. मी तिच्याशी बोलणं बंद केलं.

१ जून, रविवार, दुपारी
मोठा शोध. मुसळ घालण्याआधी राखणदार डावा खांदा उचलतो. दर वेळी. म्हणजे रीतसर नोटीस देतो. त्याच क्षणी उजवीकडे कोलांटी मारली की मुसळ मोकळ्या जमिनीवर पडतं आणि आपण त्याच्या पाठीमागे. दोन वार केले. लोभानं तिसरा करायला गेलो आणि आडवा झालो. पण चूक माझी, हे पडता पडताच कळलं. मला हे फार आवडलं. कोर्टात हरलो की मी अशिलाला सांगतो, साहेबांचा मूड नव्हता. खरं कारण मलाही कळलेलं नसतं. इथे कारण तिथल्या तिथे कळतं, आणि पुढच्या वेळी तेवढंच सुधारायचं असतं. राखणदार कडक आहे, पण लबाड नाही. कितीतरी वर्षांनी आपल्याला काहीतरी नवीन जमू लागलंय असं वाटलं, आणि आनंद झाला.
जुईलीला यातलं अक्षर सांगायचं नाही. करारावर परिणाम होईल.

४ जून
खुशालराव आले होते अकोटहून, बांधाच्या केसचं विचारायला. सिंधूनं त्यांना मुद्दाम थेट आतल्या खोलीत पाठवलं. खुशालरावांनी विचारलं, वकीलसायेब, काय करून राहिले? साक्षीपुराव्याची तयारी, असं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. मी चारदा पडलो. जाताना म्हणाले, माह्या केसले इतके वर्स काहून लागून राहिले, ते आज समजलं.

७ जून
अर्धा राखणदार संपवला. तर त्यानं पाठीमागून दुसरं मुसळ काढलं. ऐनवेळी नवा पुरावा दाखल करणं नियमात बसत नाही. पण राग आला नाही. मोठ्यानं हसलो. संकल्प: तिसऱ्या वाराचा लोभ सोडणे.
संध्याकाळी राजापेठेच्या चौकात पुढच्या ऑटोवाल्यानं डावा खांदा उचलला. मी तत्काळ स्कूटर उजवीकडे घातली. उजवीकडे माणिकबाईंचा भाजीचा ठेला होता. त्या म्हणाल्या, डोये घरी ठेवून आले काय बाप्पा. ऑटोवाला नुसता खांदा खाजवत होता.

१० जून
उद्या जुईली येते. आज नक्की पाडणार होतो. लाइट गेली. (मी पडल्यानंतर गेली, पण गेली.)

११ जून, सकाळी
पाडला. दोन वार, माघार. दोन वार, माघार. तिसरा केला नाही. सिंधूला ओरडून बोलावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कूलर बंद होता.
बक्षीस म्हणून एक मातीचं मडकं मिळालं. वेस अजून उघडलेली नाही. निकालाची प्रत हातात यायला वेळ लागतोच.

११ जून, संध्याकाळी
जुईली आली. पायातल्या चपला न काढता पडद्यासमोर उभी राहिली. म्हणाली, बाबा, हा राखणदार नाही. ही तर शिकवणी हाय. हा साधा पहारेकरी, याच्याकडून सगळे पहिल्यांदा हरतात. पराभव मान्य केला का खेळ सुरू होतो. हरायची भीती जावी म्हणून पहिला धडाच तो ठेवलाय. तुमी एकदाही 'हो' नाही दाबलं?
तिनं खेळ पुन्हा लावला, एक मुसळ खाल्लं आणि 'हो' दाबलं. अंधार झाला. मग डोंगर, नदी, पाखरं, आणि खेळाचं नाव पडद्यावर. मी ते पहिल्यांदाच वाचलं. खूप लांब, डोंगराच्या टोकावर एक वेस होती आणि वेशीवर एक ठिपका. जुईली म्हणाली, तो राखणदार. इथून लहान दिसते.
मडकं मात्र तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पहारेकऱ्याला पाडणारा माणूस तिच्या ओळखीत एकही नाही म्हणे. तिनं मडक्याचा फोटो काढला.

१२ जून
तारीख मागितली. सिंधू म्हणाली, मिळणार नाही. मग आयुष्यात प्रथमच सगळं मान्य केलं. जुईली पुण्याला जाणार. ती गळ्यात पडली.
जाताना ती खेळाचं सगळं सामानही नेणार आहे. यावर हरकत घेतली, कारण तो ठिपका कोणता खांदा उचलतो ते मला अजून बघायचं आहे. हरकत फेटाळली. काळा कोट दुकानदार परत घेत नाही.