राहेल किती थांबली

सोलापूर, रविवार, मे १९७४

आज मनोहर नव्या बायकोला घेऊन देवळात आला. वैरागच्या शाळेतला हा मास्तर मला मागणी घालायला आला, तेव्हा आई नुकतीच गेली होती. बाबा म्हणाले, "थांबा. देवाची वेळ येऊ दे." तो चार वर्षं थांबला, मग थकला. त्याला तरी काय बोलू?

आणि बाबांनी, इथल्या चर्चच्या पाळकांनी, आज नेमका हाच उपदेश करावा? राहेलशी लग्न व्हावं म्हणून बायबलातला याकोब तिच्या बापाकडे सात वर्षं राबला, आणि त्याला ती वर्षं थोड्या दिवसांसारखी वाटली. सांगताना त्यांचा गळा दाटून आला. राहेलला ती वर्षं कशी वाटली? शास्त्रात कुठंच नाही. कोणी विचारलंच नसेल. माझ्यासाठी कधी दाटला त्यांचा गळा?

जेवताना बाबा म्हणाले, "पोरी, तुझीबी वेळ येईल की."

मी म्हणाले, "देवाला उशीर झाला नाही, बाबा. तुम्हाला करून घालणारं दुसरं कोणी नव्हतं."

त्यांनी ताट पुढे केलं, आणि मी आमटी वाढली.