कागद अजून आलेले नाहीत

आई, रविवारी दुपारी मी एक कोरियन सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली. जे सांगायला हवं होतं ते मी इतकी वर्षं टाळत आले, आणि टाळण्यात मी पहिल्यापासून किती हुशार, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

सिनेमा तुझ्या नातीनं सुचवला. ती आता मिल्टन कीन्सला नोकरी करते, दर महिन्याला येईन म्हणते आणि तिसऱ्या महिन्यात येते. लंडनमधल्या पिनरच्या या घरात मी एकटीच असते. रविवारी तर चहासुद्धा उगीच दोनदा करते. तर सिनेमात कोरियावर जपानचं राज्य आहे, राजा नावापुरता उरलाय, आणि त्याच्या धाकट्या मुलीला शिकवायच्या नावाखाली टोकियोला नेऊन ठेवलंय. तिकडे तिची आई आजारी पडते. राजकन्या पुन्हापुन्हा एका अधिकाऱ्याकडे जाते, घरी जायची परवानगी मागते. तो तिला अदबीनं बसवतो, चहा देतो आणि म्हणतो, कागद अजून आलेले नाहीत. आवाज एकदाही चढवत नाही. कागद त्याच्याच टेबलाच्या खणात असतात. तो खण त्यानं उघडला आणि मी सिनेमा बंद केला. उठून भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

माझा संसार मोडला तेव्हा तू नागपूरहून आलीस. तुझी नात पाच वर्षांची होती. तू रोज तिला शाळेतून आणायचीस, दुधाला विरजण लावून पातेलं बॉयलरच्या उबदार कपाटात टॉवेलांमध्ये ठेवायचीस, आणि आमच्या टॉवेलांना वर्षभर दह्याचा वास यायचा. त्यावरून मी तुझ्यावर चिडायचे. तू कायमची राहायला तयार झालीस, म्हणून व्हिसाच्या अर्जाबरोबर तुझा पासपोर्ट पाठवला. मग मावशी आजारी पडल्याचा फोन आला. तू म्हणालीस, "महिनाभर जाऊन येते गं. ताईला एकदा पाहते." मी म्हटलं, पासपोर्ट येऊ दे, दुसऱ्या दिवशी तिकीट काढते.

पासपोर्ट तीन आठवड्यांत आला, आई. व्हिसासकट आला. मी ऑफिसला निघाले होते, पोस्टमन दारातच भेटला. मी सही केली आणि पाकीट माझ्या कपाटाच्या खालच्या खणात स्वेटरांखाली सरकवलं. एवढा आठवडा जाऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. मग माझं ऑडिट आलं. मग पोरीला कांजिण्या झाल्या. संध्याकाळी तू विचारायचीस, "आलं का गं काही?" आणि मी कोट काढता काढता म्हणायचे, नाही अजून. तू म्हणायचीस, "सरकारी काम अन् सहा महिने थांब." रोज सकाळी तू पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून पोस्टमनची वाट बघायचीस. मला ते दिसायचं. मी मान खाली घालून स्टेशनकडे जायचे. मार्चमध्ये मावशी गेली. त्यानंतर तू जायचं नाव काढलं नाहीस, आणि महिन्याभरानं मी ते पाकीट तुझ्यासमोर आजच आल्यासारखं ठेवलं. तू उघडून पाहिलंसही नाहीस. देवाच्या फोटोमागे ठेवून दिलंस.

मी तिसरीत असताना शेजारच्या काकूंचं पत्र आपल्याकडे चुकून आलं होतं आणि मी ते खेळण्याच्या नादात चार दिवस दप्तरात ठेवलं. तू मला मारलं नाहीस. हात धरून त्यांच्या दारात नेलंस, माझ्याच हातून पत्र द्यायला लावलंस आणि परतताना म्हणालीस, "दुसऱ्याचं पत्र अडवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं." ते वाक्य मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग झाला, ते तू बघितलंस.

भांडी घासून झाल्यावर मी पोरीला फोन केला. तिनं विचारलं, "मम, प्रिन्सेस घरी गेला का शेवटी? I fell asleep." मी म्हटलं, मीही पूर्ण नाही पाहिला. मग काय वाटलं कोण जाणे, तिला विचारलं, आजी खिडकीत बसायची ते आठवतं का तुला?

"ऑफ कोर्स. तो आमचा गेम होती. पोस्टमन आला की मी वेव्ह करायची आणि आजी म्हणायची, आज पण नाही आलं." ती हसली. "पण तो बुक तर तुझ्या ड्रॉवरमध्ये होता ना? ब्लू वाला. आम्ही तुझा स्वेटर ठेवायला गेलो तेव्हा मिळाला. आजीनी मला तिचा फोटो पण दाखवला आत. आणि म्हणाली, मम्मीला सांगू नको, तिला वाईट वाटेल." मग म्हणाली, "Why was it there, मम?"

मी म्हटलं, हरवू नये म्हणून ठेवला होता. म्हणजे खोटं अजून चालूच आहे.

तुला माहीत होतं. तुझी ताई तिकडे अंथरुणाला खिळली होती, पासपोर्ट कुठे आहे ते तुला ठाऊक होतं, आणि तू तो तसाच स्वेटरांखाली परत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत बसलीस. मला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून. त्या राजकन्येला निदान अधिकाऱ्याचा राग तरी धरता आला असेल. तू माझ्यासाठी चहा करून ठेवायचीस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोरीची शाळा होती, तिला कोण आणणार होतं. तसं नव्हतं, आई. शेजारची बाई आणायला तयार होती. तिनं दोनदा विचारलंही होतं. मला संध्याकाळी किल्ली लावून दार उघडायचं नव्हतं. मला दार उघडायला तू हवी होतीस.

हे पत्र खालच्या खणात ठेवते आहे, स्वेटरांखाली. तुला ती जागा माहीत आहे.