ओलावा, गळती नव्हे

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान बावीस वर्षं चालू आहे ते शिस्तीवर. शिस्त कागदावर असलेली बरी.

मागच्या खोलीत सॉल्व्हंटच्या ड्रमखाली थोडं ओलं दिसलं. बुडाची शिवण गंजली असावी. घातक रसायनं ठेवण्याच्या परवान्याबरोबर मिळालेला बोर्ड समोरच आहे: गळती दिसताच फोन करा. खाली नंबर. पण गळती म्हणजे धार. हा ओलावा आहे.

संध्या. ६. ओलावा ताटाएवढा. बोट लावून पाहिलं. गार पडलं, आणि बराच वेळ आपलं वाटेना.

४ मार्च
परवान्याचं नूतनीकरण डिसेंबरपासून राहिलंय. आज फॉर्म घेऊन बसलो. प्रश्न: चालू वर्षात गळती झाली आहे का? 'नाही' लिहिणार होतो, पण खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही. आधी फरशी वाळू दे, मग 'नाही' लिहीन. तत्त्व म्हणजे तत्त्व.

टेबलफॅन लावला. वरची खिडकी उघडून फॅनचं तोंड तिकडे केलं. ती बोळात उघडते. हवा खेळती ठेवा, असं बोर्डावरच लिहिलंय. बोर्ड पाळणारा माणूस आहे मी.

काउंटर ही सांभाळते. म्हणाली, अहो, वास येतोय. म्हटलं, वास म्हणजे धंदा चालू असल्याची खूण. म्हणाली, रोजचा नाही, जास्त येतोय. मला काहीच येत नव्हता. काही लोकांना नाकाने कांदे सोलायची सवयच असते.

६ मार्च
फरशी वाळली! फॅनची कमाल. काय साधंसुधं असतं, आणि लोक कुठे कुठे फोन करत बसतात.

ड्रम वाजवून पाहिला. बराच खालपर्यंत पोकळ वाजला. भाव वाढवूनही कंपनी माप कमी भरते आहे. कडक शब्दांत पत्र लिहायचं.

संध्याकाळी पुन्हा थोडा ओलावा. फॅन चालू ठेवूनच शटर ओढलं.

७ मार्च
पत्र लिहिलं नाही. राग येईना.

हल्ली मन फार शांत आहे. विजेचं बिल पाहिलं, काही वाटलं नाही. मेव्हण्याने फोनवर टोमणा मारला, काही वाटलं नाही. दुपारी एका बाईने साडीवरच्या डागावरून आरडाओरडा केला, मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. लोक यासाठी घरदार सोडून डोंगरात जातात. मला दुकानात बसल्या बसल्या साधलं.

हातांना मुंग्या येतात. साधनेची सुरुवात अशीच असते, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही.

८ मार्च
शेजारचे टेलरमास्तर आले होते. आमची भिंत एक, बोळ एक. डोकं गरगरतं म्हणाले, सुईत दोरा जाईना. म्हटलं, मास्तर, नंबर वाढला असेल. म्हणाले, चष्मा मागच्याच महिन्यात बदललाय. म्हटलं, या वयात दोन लागतात. चष्मेवाल्याचा पत्ता लिहून दिला. आभार मानून गेले, जाताना दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले थोडा वेळ. वय.

शेजारधर्म पाळला की बरं वाटतं. म्हणजे, वाटत असावं.

जेवताना ही म्हणाली, दुकानात डोकं ठणकतं आणि घरी आलं की थांबतं. म्हटलं, घर म्हणतात ते यालाच. ती हसली नाही. पूर्वी असल्या विनोदांना हसायची.

१० मार्च, सोमवार
दुकानात सुरक्षा सप्ताह जाहीर केला. जुना बोर्ड कळकट झाला होता. नवा करवून घेतला, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेशनसह. पोपडे उडालेल्या भिंतीवर बरोब्बर बसला. उद्घाटनाला मी होतो.

ही म्हणाली, नंबर एवढा मोठा काढलाय तर लावा की एकदा. म्हटलं, बुधवारी. उद्या पाच कोट द्यायचे आहेत, ऐन घाईत सरकारी माणसं नकोत पायात. बुधवारी नक्की. अगदी सकाळी.

११ मार्च
कोट तीनच झाले. खुर्चीत डोळा लागला. उठल्यावर ड्रमपाशी कशाला गेलो होतो ते आठवेना.

१२ मार्च, बुधवार
सकाळी फोन करणारच होतो. आधी चहा घेतला.

अकराच्या सुमारास मास्तर मशीनवरच कोसळले. पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाने पाहिलं. अँब्युलन्स आली. पायांकडून मी धरलं. जड लागले नाहीत, हलकेही लागले नाहीत. हातांना काही कळतच नव्हतं. गर्दीत कोणीतरी म्हणालं, बघा किती शांत आहेत हे. बरं वाटलं असतं एरवी.

दुकानात येऊन फोन उचलला. ही म्हणाली, ठेवा खाली, मी केलाय. समोरच्या किराणावाल्याकडून केला होता. 'गळती' म्हणून सांगितलं होतं तिने. माझ्याशी विचारविनिमय न करता.

१३ मार्च
तपासणीला बाई आल्या. माझ्या भाचीएवढ्या. तोंडावर मास्क, बरोबर दोन माणसं. ड्रम अर्ध्याहून रिकामा निघाला. कंपनी माप कमी भरते, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, काका, हे वाळलं नाही, झिरपलंय. हे काँक्रीटमधूनही खाली उतरतं. आणि याची वाफ हवेपेक्षा जड, तळाला साचते. आपोआप वर जात नाही. बोळाकडे फॅन कोणी लावला? मी सांगितलं, मी. हवा खेळती ठेवायला. जरा अभिमानानेच सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. बोळात गेल्या, मास्तरांच्या मागच्या खिडकीपाशी वाकून उभ्या राहिल्या. परत आल्यावर माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

त्याच दिवशी कळवलं असतं तर? मीच विचारलं. म्हणाल्या, आमच्या माणसांनी भुसा टाकून टिपून घेतलं असतं, ड्रम बदलला असता, तासाभरात काम संपलं असतं. फोन करणाऱ्याला आम्ही फासावर देत नाही हो.

दोन्ही दुकानांना सील. माझी फरशी खणणार. बहुतेक मास्तरांचीही.

डॉक्टरांनी मलाही तपासलं. मी शांतीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, सॉल्व्हंटमुळे होतं तसं. आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

१७ मार्च
घरीच. गिऱ्हाइकं घरी येतात. सील लागण्याआधी घरी आणलेले कपडे ही दारातूनच परत देते. धुतलेत का, असं एकाने विचारलं. नाही, म्हणाली. दुसऱ्यालाही तेच. कोणालाही कारण सांगत नाही. माझ्याशीही फारसं बोलत नाही. भांड्यांचा आवाज कानांत घुसतो. डोकं सारखं दुखतं.

आज शिस्तीचं काही नाही.

२० मार्च
मास्तर परवा हॉस्पिटलमधून घरी आले. भेटायला गेलो. हिला म्हटलं, चल. नाही म्हणाली.

मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. गाल आत गेलेत. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि आत निघून गेली. मी हवापाण्याचं बोललो. फरशी कधी खणणार ते बोललो. त्यांनी मध्येच हात वर केला.

"एकच विचारतो. तुम्हाला ते दिसलं कधी?"

मी तयारी करून गेलो होतो. ओलावा वेगळा, गळती वेगळी, शिवण, कंपनीचं माप, सगळं ओळीने होतं. तोंडून निघालं, "मी पडण्याआधी... तुम्ही पडण्याआधी. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी."

"म्हणजे तीन तारखेला."

"हो."

ते खिडकीकडे वळले.

"त्या आठवड्यात नात होती माझ्याकडे. मुलगी कामाला जाताना सोडून जायची. दुपारी मागच्या खिडकीखाली चटई टाकून द्यायचो तिला. तिथे गार लागतं."

मी पेला हातात धरून बसलो होतो. पाणी संपलं होतं.

"बरी आहे ती," मास्तर म्हणाले. "दाखवलं डॉक्टरांना."

मी विचारलं नव्हतं.