काकूंच्या नावचा फॉर्म

सातारा, ५ ऑगस्ट २०२४

चि. पारस यास जयपालकाकाचे अनेक आशीर्वाद.

एक गंभीर तक्रार. दृष्टी नसलेल्यांसाठी तू केलेलं रक्तातली साखर मोजायचं बोलकं यंत्र तुझ्या काकूला ‘वापरकर्ता’ म्हणतं. तीस वर्षं संस्कृत शिकवून मीही घरात इतकी जड भाषा वापरायचं धाडस केलेलं नाही. शिवाय आकडा एवढ्या मोठ्यानं सांगतं, की शेजारच्या अंबूबाईंनी परस्पर लाडू बंद केले.

आणखी एक. गुरुवारी मी शाळेच्या कामाला मेढ्याला होतो. दुपारी काकूला घाम सुटला, हात थरथरू लागले. यंत्र घेतलं, तर वर नुसती गुळगुळीत काच. पट्टी कुठं घालायची, सुरू कुठं करायचं, काहीच हाताला लागेना. अंबूबाई सहज आल्या, म्हणून साखरपाणी वेळेत मिळालं. न दिसणाऱ्या माणसाला आधी विचारावं, असं तुमच्याकडे कुणालाच सुचलं नाही काय?

रागावलेला, तरी तुझाच,
जयपाल

सांगली, ९ ऑगस्ट

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काकू आता कशा आहेत?

काका, विचारलं होतं. मार्चमध्ये बारा घरी फॉर्म पाठवले, एक काकूंच्या नावानं. तो तुमच्या अक्षरात परत आला. पट्टी स्वतः घालता का? ‘नाही, पती घालतात.’ हाताला लागणारी खूण हवी का? ‘आवश्यकता नाही.’ बाकीच्या घरांतूनही मुला-सुनांनी असंच लिहिलं, म्हणून आम्ही खूण काढून टाकली. चूक माझीच. छापील फॉर्म काकू वाचणार कशा?

तुमच्याकडचं यंत्र नमुन्याचं आहे; कारखान्यातला साचा १९ तारखेला, सोमवारी पक्का होतो. तोवर काकूंना विचारून कळवाल?

राग निवळला की दोन ओळी लिहा.
आपला पारस

सातारा, १३ ऑगस्ट

चि. पारस यास आशीर्वाद.

अक्षर माझंच. फॉर्म मी तिला वाचूनही दाखवला नव्हता. काल एकेक प्रश्न विचारला. पट्टीचा प्रश्न ऐकून ती हसलीच. म्हणाली, आवं, तुमी शाळेत असता तवा कोण घालतंय मग? जुन्या यंत्राला तिनं मेणाचा ठिपका लावला होता. पट्टीची कड नखानं चाचपून घालायची. आकडा तेवढा अंबूबाई वाचायच्या. सहा वर्षं! मला पत्ता नाही.

उत्तरं लिहायला पेन घेतलं, तर तिनं अडवलं. तुमी लिव्हलं की त्यात तुमीच येता, म्हणाली. सोमवारी ती स्वतः येते आहे, सकाळच्या एसटीनं, एकटी. स्टँडवर ये, पण हात धरून ओढू नकोस. तुझं कोपर ती धरेल, असा निरोप आहे. तिनं चाचपल्याशिवाय साचा पक्का करू नकोस.

प्रवासाची मला काळजी नाही. तिला माझ्यावाचून जमतं, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. तो फॉर्मही बहुधा मी त्याच भीतीनं भरला. आणि त्यापायी त्या गुरुवारी ती गेली असती, पारस.

लोभ कमी करू नकोस.
जयपालकाका